इंदूर : मोहल्ल्यातल्या नशाविरोधी कामाला अनुदान. मिळतं का, घ्यावं का, आणि कोणाच्या नावावर?

रामबागेतली

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. चूकभूल द्यावी घ्यावी.

आमच्या घरामागे नगर निगमचा बगीचा आहे. मागच्या उन्हाळ्यात तिथल्या माळीदादांनी मला बोलावून बाकांखालचा केर दाखवला. पंक्चर काढायच्या सोल्यूशनच्या पिळून चपट्या झालेल्या ट्यूबा, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या आणि दुधाच्या रिकाम्या पिशव्या. पिशव्या कशाला ते मला कळेना. ते म्हणाले, "बाईजी, सिलोचन है. इसी में डाल के मुँह लगाते हैं." सोल्यूशनचं सिलोचन. एखाद्या ऋषींचं नाव वाटावं. दोनच दिवसांनी तसं करणारा मुलगा डोळ्यांनी पाहिला. सातवीतला असेल.

तेव्हापासून आम्ही दहाबारा जण धरून आहोत. भिशीतल्या आम्ही चौघी, एक रिटायर्ड हवालदार, कोपऱ्यावरचे मेडिकलवाले, शाळेतल्या एक बाई, कॉलेजची तीन पोरं, आणि येऊन जाऊन असणारे. संध्याकाळी सहा ते आठ बगीच्यात आमच्यापैकी कोणी ना कोणी असतंच. कॅरम, लगोरी, परीक्षा जवळ आली की गणितं. मुलांवर ओरडायचं नाही आणि मोबाइल काढून शूटिंग करायचं नाही, एवढे दोन नियम. दोन मुलांना आईबापांसकट सरकारी दवाखान्यात नेलं. एकाने येणं सोडलं, एक अजून जातो. आठ महिन्यांत खिशातले २३,४०० गेले. निम्मे रिक्षात आणि समोशांत.

आता आमचे पार्षद (नगरसेवक) म्हणतात, "ताई, केंद्राचं अनुदान असतं, टाका अर्ज." पाठोपाठ एक गृहस्थ घरी आले. फाईल तेच करणार, दहा टक्के त्यांचे. आणि कागद म्हणून पहिली मागणी काय, तर मुलं पिशवी हुंगतानाचे फोटो, "पहले और बाद में". चहा पाजून वाटेला लावलं.

पण प्रश्न राहिलाच. असं अनुदान खरंच असतं का? आमच्यासारख्या ना संस्था ना मंडळ अशा घोळक्याला मिळतं का? आणि घेतलं तर पुढे काय काय सोसावं लागतं? कोणी यातून गेलं असेल तर सांगा.

कडूकारले

अनुदान आलं की आधी बॅनर येतो, मग खुर्च्या, मग खुर्च्यांवरून भांडणं. मुलं बगीच्यातच राहतात. माझं मत : नका घेऊ.

पोहेवाला_भिया

ताई, काम एक नंबर. समोशांचा खर्च मी समजू शकतो.

लेखाधारी

ताई, सनदी लेखापाल आहे, पाचसहा संस्थांचे हिशेब बघतो, म्हणून जरा सविस्तर.

पहिली गोष्ट, "मोहल्ल्यातल्या लोकांनी एकत्र येऊन नशेला आळा घालावा, त्यासाठी त्या घोळक्याला पैसे" अशा नावाचा डबा आपल्याकडच्या योजनांत नाही. सामाजिक न्याय मंत्रालयाची २०१८ पासूनची राष्ट्रीय कृती योजना आहे, तिच्यात डबे आहेत ते असे : व्यसनींना भरती करून उपचार करणारं पुनर्वसन केंद्र, मुलांमधल्याच मुलांना शिकवून त्यांच्यामार्फत काम करणारा समवयस्कांचा उपक्रम (कागदावर याला सीपीएलआय म्हणतात), आणि दिवसा येऊन बसता येईल, समुपदेशन मिळेल असं ड्रॉप-इन केंद्र. तुमचं काम मधल्या डब्याच्या सर्वांत जवळचं. १५ ऑगस्ट २०२० ला सुरू झालेलं नशामुक्त भारत अभियान आधी २७२ जिल्ह्यांत होतं, नंतर सगळीकडे गेलं. पण ते अभियान आहे. त्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीखाली कार्यक्रम होतात, तुमच्या हातात चेक पडत नाही.

दुसरी गोष्ट, पैसा घोळक्याला मिळत नाही, नोंदलेल्या संस्थेला मिळतो. संस्था किमान तीन वर्षं जुनी, तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा नंबर, मग ई-अनुदान पोर्टलवर अर्ज. त्यावर खालून तपासणी आणि शिफारस, मग दिल्ली. इथे कोणी फाईल "करून" देत नाही. दहा टक्केवाले गृहस्थ तुम्ही स्वतः भरू शकता तोच फॉर्म भरणार आहेत. शिवाय ते दहा टक्के हिशेबात दाखवणार कुठे? समोशांत?

आणि ते फोटो. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ मध्ये मदतीची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे. तुम्ही चहा पाजलात, मी पाणीही विचारलं नसतं.

तिसरी गोष्ट पैसे मिळाल्यावरची. वेगळं खातं, त्यातून आलेलं व्याजसुद्धा आपलं नाही, ते सरकारला परत. वर्ष संपलं की उपयोगिता प्रमाणपत्र, जीएफआर १२-अ हा नमुना. ते दिल्याशिवाय पुढचा हप्ता अडतो. हप्ता उशिरा येतो आणि पगार मात्र दर महिन्याला द्यायचा असतो, हे मधलं अंतर ज्याच्या खिशात भरून काढायची ताकद आहे त्यानेच या वाटेला जावं. माझ्या एका अशिलाने समुपदेशकाचे सात महिन्यांचे पगार बायकोचं सोनं गहाण ठेवून दिले. नंतर पैसे आले, पण समुपदेशक तोवर निघून गेला होता.

तुमच्यात कोणाची नोंदलेली संस्था आहे का?

रामबागेतली

आहे म्हणजे, आमचं महिला मंडळ नोंदलेलं आहे. हळदीकुंकू, भजन, गणपती. सासूबाईंच्या पिढीने नोंदवलं होतं. दप्तर एका ट्रंकेत आहे, किल्ली सापडली.

लेखाधारी

ट्रंकेत धारा २७ आणि २८ च्या पावत्या शोधा. मध्य प्रदेशच्या १९७३ च्या सोसायटी कायद्यात दरवर्षी कार्यकारिणीची यादी आणि हिशेब रजिस्ट्रारकडे द्यावे लागतात. नसतील दिले तर मंडळ कागदावर झोपलेलं आहे. उठवता येतं, विलंब शुल्क भरून. आणि घटनेतले उद्देश वाचा. "भजन व सांस्कृतिक कार्यक्रम" एवढंच असेल तर आधी उद्देशांत दुरुस्ती, मग बाकी सगळं.

रामबागेतली

उद्देशात "भगिनींचा सर्वांगीण विकास" आहे. शेवटची पावती २००९ ची.

कडूकारले

म्हणजे मंडळ पंधरा वर्षांच्या वर निजलंय. शुभ रात्री.

ओहायोकर

मी माहेरची लोकमान्य नगरची, आता वीस वर्षं अमेरिकेत. तिकडचं इकडे जसंच्या तसं लागू होत नाही हे माहीत आहे, पण ताई, तुम्ही जे करताय त्याला इथे नाव आहे, कोअलिशन, आणि नेमका त्याच्यासाठी कायदा आहे. १९९७ चा. मी आमच्या गावच्या कोअलिशनमध्ये "पालक" म्हणून बसते, म्हणून आतून सांगते.

वर्षाला जास्तीत जास्त सव्वा लाख डॉलर, पाच वर्षं. नंतर परत अर्ज करून आणखी पाच. दहाच्या पुढे नाही. अट अशी की गावातल्या बारा प्रकारच्या लोकांपैकी प्रत्येकाचा एक तरी माणूस हवा : मुलं, पालक, शाळा, पोलिस, दुकानदार, वार्ताहर, धर्मस्थळ, डॉक्टर-नर्स, तरुणांसाठी काम करणारे, स्वयंसेवी गट, स्थानिक सरकार, आणि व्यसनांच्या क्षेत्रात काम करणारं कोणी. एका माणसाला दोन टोप्या घालता येत नाहीत. मी पालक आहे आणि मंदिराच्या समितीतही आहे, पण मोजतात मला एकदाच. आणि अर्जाच्या आधी निदान सहा महिने या लोकांनी एकत्र काम केलेलं असावं लागतं. पैसे मिळणार म्हणून जमलेली माणसं नकोत, जमलेल्या माणसांना पैसे.

आता खरी गंमत. सरकार जेवढे देईल तेवढे तुम्ही उभे करायचे. पहिली सहा वर्षं बरोबरीने, सातव्या-आठव्या वर्षी सव्वापट, नवव्या-दहाव्या वर्षी दीडपट. म्हणजे सरकारी पैसा हळूहळू हात सोडवून घेतो. पण तुमची बाजू रोखच असायला हवी असं नाही. चर्चने हॉल फुकट दिला तर त्याचं भाडं धरतात, रेडिओने फुकट जाहिरात वाजवली तर तिची किंमत धरतात, आणि माणसांचे तास धरतात. मी मीटिंगला गेले की दारातच वही असते. नाव, आले किती वाजता, गेले किती वाजता, सही. पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं, आपल्याकडे बारशाला गेल्यावर आहेर लिहून घेतात तसं. नंतर कळलं, ती वही हाच आमचा अर्धा पैसा आहे.

हा पैसा उपचारावर घालता येत नाही, आधी आळा घालण्यावरच. आणि शाळेत दर दोन वर्षांनी मुलांकडून निनावी प्रश्नावली भरून घ्यावी लागते. गेल्या तीस दिवसांत घेतलंस का, यात धोका वाटतो का, आईबापांना चालेल का, मित्रांना चालेल का. दारू, तंबाखू, गांजा आणि डॉक्टरने लिहून द्यायच्या गोळ्या, चारही बाबतींत. आमच्याकडे सगळ्यांना वाटत होतं पोरं पार्किंगमध्ये पितात. प्रश्नावलीत निघालं, घरीच पितात, आईबापांच्याच कपाटातली. सगळा आराखडा बदलावा लागला.

पोहेवाला_भिया

वहिनी, त्या सव्वा लाख डॉलरसाठी रामबागेतून अर्ज टाकला तर? बारा प्रकारची माणसं तर माझ्या टपरीवर सकाळी आठलाच भेटतात.

ओहायोकर

नाही हो, अमेरिकेतल्याच वस्त्यांना. पण मी माझ्यातर्फे थोडे डॉलर पाठवू शकते. ताई, खाते क्रमांक कळवा.

लेखाधारी

थांबा थांबा. पासपोर्ट कुठला आहे?

ओहायोकर

२०१४ पासून अमेरिकन. ओसीआय आहे, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांचं कार्ड.

लेखाधारी

मग नको. भारतीय नागरिकाने परदेशातल्या स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलं तर ते विदेशी अंशदान धरत नाहीत. नागरिकत्व बदललं की धरतात, ओसीआय असलं तरी, माहेर लोकमान्य नगरचं असलं तरी. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय मंडळाने एक डॉलर घेतला तरी गुन्हा. नोंदणी असली तरी २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एका ठरलेल्या शाखेतच यावा लागतो, आणि एका संस्थेने घेऊन दुसरीला देणं बंद. तुमच्या बहिणीने इंदुरात स्वतःच्या पैशाने कॅरम घेऊन दिला तर मात्र कायद्याला काही देणंघेणं नाही.

मांडवीचा

बडोद्याहून. आमचं राज्य १९६० पासून कोरडं, १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा वारसा. तरी पोटली (पिशवीतली गावठी दारू) मिळते, हे सगळ्यांना माहीत आहे, फक्त कागदाला माहीत नाही. तुमच्या राज्याने १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, ओंकारेश्वर, महेश्वर वगैरे तीर्थांच्या गावांत दुकानं बंद केली ती चांगली की वाईट...

पोहेवाला_भिया

चांगली म्हणायला हरकत नाही, पण २०२३ ला राज्यभरातले अहाते बंद केले, तेव्हा दुकानाला लागून बसून पिणारे गेले कुठे? आमच्या बाकांवर! कलालीवरून (दारूच्या दुकानातून) घेतात आणि बगीच्यात येऊन...

मांडवीचा

म्हणजे अहाते चालू ठेवायचे?

कडूकारले

दारूबंदीचा धागा वेगळा काढा. तिथे मीही येतो, भांडायला.

मांडवीचा

बरोबर, भरकटलो. मला सांगायचं होतं ते वेगळं. आमच्या पोळमध्ये, म्हणजे गल्लीत, असाच गट होता. सुरुवात छान झाली. मग एकाने उत्साहात पोलिसांना विकणाऱ्याचा पत्ता दिला, छापा पडला, आणि दुसऱ्या दिवसापासून मुलं आमच्या सावलीलाही येईनात. आम्ही खबरे ठरलो. विकणाऱ्याची खबर द्यायची तर १९३३ हा फोन नंबर आहे, व्यसन सोडायला मदत हवी तर १४४४६ आहे. नंबर दोन आहेत, माणसंही दोन ठेवा. ताई, तुमचे हवालदारसाहेब बगीच्यात नेमकं काय करतात, हे मुलांना ठाऊक आहे का?

रामबागेतली

हवालदारकाका कॅरमचे पंच आहेत. पण तुमचं वाचून त्यांनाच विचारलं. म्हणाले, "मुझसे तो चौकीवाले रोज़ पूछते हैं." म्हणजे विचारणं होतं. यावर बोलावं लागेल.

पाटी_पेन्सिल

सरकारी शाळेत शिकवते. अनुदान येतं आणि कशावर जातं, ते २६ जूनला बघावं. अमली पदार्थविरोधी आंतरराष्ट्रीय दिवस. सकाळी साडेसातला पोरांना टोप्या, हातात फलक, त्यावर कवटी आणि दोन हाडं, राजवाड्यापर्यंत रॅली, बिस्किटं, फोटो. मागच्या वर्षी परत येताना एका टोपीत मला गुटख्याची पुडी सापडली.

घाबरवून काही होत नाही हे मी म्हणत नाही, संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ कार्यालयाने जागतिक आरोग्य संघटनेसोबत २०१८ मध्ये काढलेल्या मानकांत आहे. भीतीची पोस्टरं, एकदाच येऊन दिलेली भाषणं, व्यसनातून बाहेर आलेल्या माणसाची शाळेतली कहाणी, यांचा उपयोग दिसत नाही, कधी उलटही होतं. उपयोग दिसतो तो लहानपणापासून "नाही" म्हणायचं कसं, राग आला तर काय करायचं, अशा गोष्टी तासातासाने शिकवण्याचा, आणि आईबापांना मुलांशी बोलायला शिकवण्याचा. मंत्रालयाचं नवचेतना नावाचं शिक्षकांसाठीचं साहित्य आहे, ते या अंगाने जातं. वाईट नाही. पण ते शिकवायला मला आठवड्याचा एक तास कोणी दिलेला नाही, आणि तो कुठल्या अनुदानात बसत नाही.

आणखी एक. एम्सच्या व्यसनोपचार केंद्राने केलेलं सर्वेक्षण २०१९ ला आलं. दारू पिणारे देशात सोळा कोटी, हा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो. पण त्याच अहवालात आहे की हुंगायच्या पदार्थांचं प्रमाण मोठ्यांत ०.५८ टक्के आणि दहा ते सतरा वयाच्या मुलांत १.१७. मुलांचं प्रमाण मोठ्यांहून जास्त असलेला हा एकच प्रकार. आणि तो विकायला ना ठेका लागतो ना लपावं लागतं. सायकलच्या दुकानात मिळतो. ताई, तुमच्या घोळक्यात सायकलवाला आहे का?

रामबागेतली

नाही! आठ महिने कोणाच्या डोक्यात आलं नाही. मेडिकलवाले आहेत, ते शेड्यूल एच-१ ची, म्हणजे काही ठरावीक औषधांच्या विक्रीची वही काटेकोर ठेवतात. सायकलवाला आमच्यासमोरच बसतो.

आजचा_दिवस

पाटी_पेन्सिल, तुमचं वाक्य लागलं. खोटं असतं तर लागलं नसतं.

मी दारुडा आहे. सहा वर्षं प्यायलो नाही. एका शाळेत मला बोलावलं होतं, मी मनापासून सगळं सांगितलं. नोकरी गेली, बायको माहेरी, गटार, हॉस्पिटल. शेवटी "प्रश्न विचारा" म्हटलं. मागच्या बाकावरून हात वर आला. "काका, ब्रँड कोणता होता?" सगळा वर्ग हसला. घरी येताना मला कळलं की पोरांनी ऐकलं ते एवढंच : इतकं पिऊनही हा माणूस टाय लावून उभा आहे. त्यानंतर शाळेत गेलो नाही. आईबापांच्या बैठकीला जातो, तिथे उपयोग होतो. बाप लोक भाषणात गप्प असतात, नंतर जिन्यात गाठतात.

जिन्यात गाठणाऱ्या प्रत्येकाला आधी एक गोष्ट सांगतो, इथेही सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्याने जोशात येऊन एका रात्रीत सोडू नये. झटके येतात, भ्रम होतो, जीवही जातो. आधी डॉक्टर.

आता पैशाचं. आमच्या एएमध्ये (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा आपसांतला गट) बाहेरचा पैसाच घेत नाहीत. सातवी परंपरा. टोपी फिरते, त्यात सभासदच टाकतात, त्यातून चहा आणि खोलीचं भाडं. मोठी देणगी द्यायला आलेल्यांना हात जोडून परत पाठवलेलं मी पाहिलंय. म्हणून कडूकारले यांच्याशी अर्धा सहमत. अर्धाच, कारण आमचं काम दोघांनी बसून बोलायचं आहे, त्याला खर्च नाही. लहान मुलाला दवाखान्यात दर आठवड्याला न्यायचं, तर रिक्षा लागते, बापाचा खाडा भरून द्यावा लागतो. ते टोपीत जमत नाही. आणि हो, एए म्हणून मी तुमच्या यादीत बसू शकत नाही, आम्ही कोणाशी संलग्न होत नाही. शेजारी म्हणून बसेन.

कडूकारले

चला, अर्धा तर अर्धा. आता ताई, मला एक सांगा, रागावू नका. तुमच्या मंडळाच्या गणपतीला कमानीवर सर्वांत मोठं नाव कोणाचं असतं?

रामबागेतली

(दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण लाज वाटली.) कलालीच्या ठेकेदारांचं. ३१,००० देतात. पावती माझ्याच हातची असते. अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या (चित्ररथ) बघून येणाऱ्यांना आम्ही जे पाणी आणि साबुदाण्याची खिचडी वाटतो ते त्यातूनच.

पोहेवाला_भिया

भिया, पैसा तर सगळीकडून येतो. ठेकेदार काही चोर नाही, लायसन्स आहे, माणूस म्हणूनही चांगला.

पाटी_पेन्सिल

माणूस चांगला असण्याचा प्रश्नच नाही. कमान बगीच्याच्या फाटकावर असते ना? संध्याकाळी त्याच फाटकातून आत जाऊन त्या मुलांना ताई काय सांगणार?

ओहायोकर

आमच्याकडे यावरून एक मीटिंग तीन तास चालली होती. बिअर विकणाऱ्या दुकानदाराने खेळांच्या स्पर्धेला टी-शर्ट देऊ केले होते, पाठीवर दुकानाचं नाव. शेवटी त्याला बारापैकी "दुकानदार" म्हणून खुर्ची दिली, टी-शर्ट नाकारले. तो आला आणि वय तपासून विकायला सुरुवात करणारा गावातला पहिला तोच झाला. सगळीकडे असं होईल असं नाही.

लेखाधारी

ताई, सरकारी डबा तूर्त बंद आहे असं धरा. दुसरी वाट सीएसआरची, म्हणजे कंपन्या सामाजिक कामाला देतात त्या पैशाची. प्रतिबंधात्मक आरोग्य त्यात बसतं. पण तिथेही १२-अ, ८०-जी या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या आयकराच्या नोंदण्या, सीएसआर-१ नंबर आणि तीन वर्षांचं काम लागतं. तेव्हा मंडळ उठवायला आजच घ्या, पण पैशासाठी त्यावर थांबू नका. जिल्ह्यात या योजनेतून आधीच चालणारी केंद्रं कोणती, ते सामाजिक न्याय विभागाच्या कार्यालयात विचारा. त्यांना समवयस्क मुलं हवी असतात, तुमच्याकडे मुलं आहेत. त्यांच्याकडे समुपदेशक आहे, तुमच्याकडे नाही. पैसा त्यांच्याच खात्यात राहू द्या, माणूस तुमच्या बगीच्यात येऊ द्या. हिशेबाची डोकेदुखी त्यांची.

आणि ओहायोकर यांनी सांगितलेली वही. ती आपल्याकडचं कुठलंही पोर्टल मागत नाही, तरी ठेवा. तीन वर्षांनी "तुमचं काम काय" असं विचारणारा कोणीतरी येईल, तेव्हा समोशांची बिलं दाखवणार का?

रामबागेतली

अपडेट. रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये बसलो, एकोणीस जण आले. या धाग्यातलं बरंचसं वाचून दाखवलं. "शुभ रात्री" ला अध्यक्षबाई रागावल्या, मग हसल्या.

अर्ज यंदा नाही. धारा २७-२८ ची थकबाकी भरायची, उद्देश बदलायचे, त्याला बैठक आणि ठराव लागतो, तारीख ठरली. जिल्ह्यातल्या एका केंद्राच्या समुपदेशक बाई दर गुरुवारी यायला तयार झाल्या आहेत. भाडं आमचं, चहा आमचा. हवालदारकाका म्हणाले, चौकीवर जाणं मी बंद करतो, पण मग चौकीवर कोणीतरी दुसरं बोलेल असं करा. ते काम मेडिकलवाल्यांनी घेतलं.

सायकलवाल्याकडे मी आणि हवालदारकाका गेलो. तो म्हणाला, "बाई, पोरं पाच-पाच ट्यूबा नेतात, मला वाटायचं धंदा वाढला." आता शाळकरी मुलाला ट्यूब देत नाही, पंक्चर स्वतः काढून देतो. पाच रुपये कमी घेतो. पुढच्या चौकात दुसरा सायकलवाला आहे, तो ऐकत नाही.

कमानीवरून भांडण झालं. खजिनदारबाई म्हणाल्या, ३१,००० तुम्ही भरणार का? कोणाकडे उत्तर नव्हतं. गणपतीला वेळ आहे असं म्हणून विषय पुढे ढकलला. कडूकारले हसणार, हसू दे.

वही सुरू केली. दोनशे पानी, लांब. तारीख, नाव, किती ते किती, काय केलं, सही. पहिल्या आठवड्याची बेरीज ६१ तास. त्यातले १४ एकट्या माळीदादांचे निघाले. सकाळी सहाला ट्यूबा वेचायच्या, पिशव्या वेगळ्या करायच्या, कोणता मुलगा रात्री तिथेच झोपला ते मला येऊन सांगायचं. आठ महिने हे चाललंय आणि आम्ही त्यांना आमच्यात धरलंच नव्हतं.

लेखाधारी

पानांना आधी नंबर घाला, मग लिहा. आणि माळीदादांची सही घेताय ना? तुम्ही त्यांच्या नावापुढे खूण करून चालणार नाही.

रामबागेतली

करतात सही. आडनावासकट, सावकाश. रकाना अपुरा पडला, पुढच्या पानापासून रुंद आखतेय.